छापील कामाचे संकेतस्थळ : विद्यार्थी प्रकल्पाची आखणी कोठून सुरू करावी?

आपला प्रश्न मला समजला तो असा. लातूरच्या महाविद्यालयात उपयोजित कलेच्या तिसऱ्या वर्षाला आपल्याकडे २२ विद्यार्थी आहेत, त्यांना कोरल ड्रॉ आणि फोटोशॉप चांगले येते, एचटीएमएलची, म्हणजे संकेतस्थळाचे पान ज्या भाषेत लिहितात तिची, तोंडओळख झालेली आहे, आणि येत्या सत्राच्या १४ आठवड्यांत प्रत्येकाने तीन छापील कामे, म्हणजे एखादे पत्रक, एखादा फोल्डर आणि एखादी लग्नपत्रिका, संकेतस्थळाच्या रूपात आणावीत असे आपण योजले आहे. त्यासाठी सॉफ्टवेअर कोणते घ्यावे, आठवड्यांची वाटणी कशी करावी आणि गुण कशाला द्यावेत, हे आपण विचारले आहे. मी छत्रपती संभाजीनगरात ऑफसेट प्रेसच्या डीटीपी विभागातून या व्यवसायात आलो, आता बहुतेक काम संकेतस्थळांचे करतो आणि अधूनमधून विद्यार्थ्यांचे वर्गही घेतो, त्यामुळे माझे उत्तर या दोन्ही बाजू पाहिलेल्या माणसाचे आहे.

सॉफ्टवेअरचा मुद्दा सर्वांत सोपा आहे, म्हणून तो मागे ठेवतो. खरी अडचण वेगळीच आहे. छापील कागदाचे माप ठरलेले असते आणि संकेतस्थळाचे नसते. ए-फोर कागद २१० बाय २९७ मिलिमीटरचाच राहतो, तो वाचणारा कोणीही असो. संकेतस्थळाचे पान मात्र कोणाच्या हातातल्या ३६० पिक्सेल रुंदीच्या मोबाइलवर उघडते, कोणाच्या कार्यालयातील रुंद पडद्यावर उघडते, आणि अक्षरे दुप्पट मोठी करून वाचणारे आजोबाही त्याच पानावर येतात. विद्यार्थ्याने कागदावरची मांडणी जशीच्या तशी पडद्यावर नेण्याचे ठरवले, तर तो सत्रभर कागदाच्या कडा शोधत राहतो. कागदावरून न्यायचा असतो तो मजकूर, त्याचा क्रम आणि त्यातील महत्त्वाचे काय याचा निवाडा. प्रकल्पाची सगळी आखणी या एका गोष्टीभोवती करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

यातील बरेचसे आपल्या परिस्थितीवर अवलंबून आहे. आठवड्याला प्रात्यक्षिकाचे तास किती, प्रयोगशाळेत इंटरनेट नीट चालते की विद्यार्थी स्वतःच्या मोबाइलवरून जोडणी घेतात, एचटीएमएलची तोंडओळख म्हणजे त्यांनी स्वतः एखादे पान लिहिले आहे की फक्त फळ्यावर पाहिले आहे, या बाबी मला येथून दिसत नाहीत. आठवड्याला दोन सलग प्रात्यक्षिके आणि प्रत्येकाला एक चालता संगणक एवढे गृहीत धरून पुढचे लिहितो. तास याहून कमी असतील तर कामाची व्याप्ती कमी करावी, टप्पे गाळू नयेत.

पहिली सूचना अशी, की तीनऐवजी एकच छापील काम द्यावे. २२ विद्यार्थ्यांची प्रत्येकी तीन म्हणजे ६६ संकेतस्थळे होतात. ती कोणीही अध्यापक नीट वाचू शकत नाही, आणि वाचली जाणार नाहीत हे विद्यार्थ्यांना पहिल्याच महिन्यात कळते. मग पहिल्या कामाला केलेला साचा दुसऱ्या आणि तिसऱ्या कामावर बसवला जातो. एकाच कामाशी १४ आठवडे राहावे लागले, तर कंटाळ्यातून का होईना, विद्यार्थ्याला मजकूर वाचावा लागतो.

ते एक काम कसे निवडावे, यावर मी बराच भर देतो. एकपानी हँडबिलात करण्यासारखे फार नसते आणि महाविद्यालयाचा वार्षिकांक एकट्याला झेपत नाही. चार ते आठ पानांचा फोल्डर, घडीचे पत्रक, पतसंस्थेचा छोटा वार्षिक अहवाल, तालुक्याच्या वाचनालयाची स्मरणिका (ही दोघांत मिळून), कृषी सेवा केंद्राचे वाणांचे माहितीपत्रक, अशी कामे चांगली. सलग मजकूर, एखादा तक्ता आणि काही छायाचित्रे, असे निदान तीन प्रकार त्यात असावेत. त्यात काळानुसार बदलणारी एक तरी माहिती असावी, म्हणजे दर, तारीख, वेळ किंवा पदाधिकाऱ्यांची नावे, कारण कागद एकदा छापला की संपला आणि संकेतस्थळ पुढे कोणीतरी सांभाळावे लागते, हा फरक विद्यार्थ्याला त्यातूनच समजतो. लग्नपत्रिका मी प्रकल्पाला घेऊ देत नाही. मुहूर्त टळला की तिची माहिती संपते आणि तिचे अर्धे सौंदर्य सोनेरी फॉइल, उठावाची छपाई आणि कागदाचा पोत यांत असते, जे पडद्यावर येत नाही. एका दिवसाच्या वर्गसरावाला मात्र ती उत्तम आहे.

निवड झाली की त्याच आठवड्यात संमतीपत्र घ्यावे. शिकवण्याच्या ओघात अध्यापकाने किंवा विद्यार्थ्याने केलेल्या प्रतिकृतीला १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये सवलत आहे, परंतु तेच काम सर्वांना दिसेल असे इंटरनेटवर ठेवले की आपण वर्गाबाहेर पडलेलो असतो. ज्याने पत्रक छापून घेतले तो, ज्याने मांडणी केली तो आणि ज्याने छायाचित्रे काढली तो, हे तीन वेगळे लोक असू शकतात. आपल्याकडच्या पत्रकांतील बरीच छायाचित्रे इंटरनेटवरून उचललेली असतात, त्यांचा मालक सापडत नाही. अशी छायाचित्रे सरळ बाजूला ठेवावीत आणि विद्यार्थ्याला कॅमेरा किंवा मोबाइल घेऊन बाहेर पाठवावे.

आता सर्वांत वेळखाऊ भागाकडे येतो, आणि तो मराठी कामात इंग्रजीपेक्षा कितीतरी जड आहे. विद्यार्थी प्रेसमधून कोरलची फाइल आणतील आणि मजकूर तयारच आहे असे समजतील. फाइल उघडल्यावर कळते, की प्लेट काढताना फॉन्टचा घोळ नको म्हणून सगळी अक्षरे कर्व्हज केलेली आहेत, म्हणजे तो मजकूर आता मजकूर नसून नुसत्या आकृत्या आहेत. कर्व्हज केलेले नसले, तर तो श्रीलिपी, आकृती किंवा कृतीदेवसारख्या जुन्या सांकेतिक रचनेच्या फॉन्टमध्ये असतो, आणि तेथून उचलून ब्राउझरमध्ये टाकला की इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसतो. युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व संगणकांवर एकसारख्या चालणाऱ्या अक्षरसंकेतांत, आणण्यासाठी परिवर्तक मिळतात, पण त्यांच्यावर डोळे झाकून विसंबता येत नाही. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टंकली जात असे आणि रफार अक्षरानंतर. युनिकोडमध्ये हा क्रम नेमका उलटा आहे. म्हणून रूपांतरानंतर मी सर्वांत आधी ‘निर्मिती’ हा शब्द शोधायला सांगतो. त्यात दोन पहिल्या वेलांट्या आणि एक रफार आहे. तो नीट उतरला असेल तर बाकीच्या मजकुराची थोडी आशा धरावी.

दुसरा शब्द ‘शेतकऱ्यांना’. यातील ऱ्य दोन प्रकारे साठवता येतो. एका प्रकारात ऱ हे स्वतंत्र अक्षर, हलन्त आणि य असतो, तर दुसऱ्यात साधा र, हलन्त, मध्ये न दिसणारे जोडचिन्ह आणि मग य असतो. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात, पण वाचकाने एक टंकून शोध घेतला तर दुसरा सापडेलच असे नाही. शिवाय परिवर्तकातून ते न दिसणारे चिन्ह गळले, तर ऱ्य मोडून ‘य’ या अक्षरावर साधा रफार चढतो आणि शब्द डोळ्यांदेखत बिघडतो. पूर्ण मजकुरात पहिलाच प्रकार वापरायचा, असा नियम वर्गाला पहिल्या दिवशी घालून द्यावा. मोबाइलने छायाचित्र काढून त्यातून अक्षरे ओळखून घेण्याची सोय आता मराठीतही बरी चालते, आणि कर्व्हज केलेल्या फाइलला तोच व्यवहार्य मार्ग आहे, पण पुढे मुद्रितशोधन हवेच, तेही दोन जणांनी मिळून, एकाने मोठ्याने वाचून आणि दुसऱ्याने छापील प्रत समोर धरून, जसे प्रेसमध्ये प्रूफ वाचतात. ज्यांना युनिकोड टंकनाचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड येत नाही त्यांनी याच आठवड्यांत तो शिकून घ्यावा.

मजकूर शुद्ध झाल्यावर त्याची नोंदवही करावी. कागदावरील प्रत्येक घटक एका ओळीत लिहायचा, म्हणजे तो काय आहे, कोणासाठी आहे, कधी बदलतो, आणि संकेतस्थळावर राहणार की जाणार. एक उदाहरण जवळून पाहू. कृषी सेवा केंद्राचे तुरीच्या वाणांचे घडीचे पत्रक आहे, आतल्या दोन पानांवर मिळून सहा स्तंभांचा तक्ता आहे : वाण, दाण्याचा रंग, कालावधी, एकरी बियाणे, ओळींतील अंतर आणि जमीन. बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्राचे पांढऱ्या दाण्याचे, लवकर येणारे बीडीएन ७११ आणि लाल दाण्याचे, उशिरा येणारे बीएसएमआर ७३६ असे वाण त्यात एकाखाली एक आहेत. कागदावर हा तक्ता छान वाचता येतो, कारण शेतकरी पत्रक उलगडून दोन्ही हातांत धरतो. मोबाइलवर तोच तक्ता एक तर मुंगीएवढ्या अक्षरांत येतो, नाही तर आडवा सरकवावा लागतो, आणि सरकवला की वाणाचे नाव डोळ्यांआड जाते.

अशा वेळी विद्यार्थी लगेच प्रत्येक वाणाची वेगळी चौकट करून मोकळे होतात. मी त्यांना विचारतो, की वाचणाऱ्याचा प्रश्न काय आहे? पाऊस लांबला, जमीन हलकी आहे, तर कोणते वाण घ्यावे, हा त्याचा प्रश्न असेल तर त्याला तुलना हवी आहे, आणि तुलनेसाठी तक्ताच लागतो, चौकटींत ती हरवते. मग वाण, कालावधी आणि जमीन एवढ्या तीन स्तंभांचा लहान तक्ता वर ठेवावा, तो कालावधीच्या क्रमाने लावावा, आणि बाकीचे तपशील खाली प्रत्येक वाणाच्या शीर्षकाखाली द्यावेत. पत्रकाच्या तळाशी फुली देऊन बारीक अक्षरांत ‘ही शिफारस कोरडवाहूसाठी’ असे लिहिलेले असते. कागदावर ती फुली एका नजरेत जुळते, मोबाइलवर ती चार बोटे खाली जाऊन हरवते, म्हणून ती सूचना ज्या आकड्याची आहे त्याच्या शेजारीच यायला हवी. पत्रकावरचा दूरध्वनी क्रमांक देवनागरी अंकांत दाखवायला हरकत नाही, पण बोट लावल्यावर फोन लागावा म्हणून आतील दुव्यात तो रोमन अंकांतच लिहावा लागतो. विद्यार्थ्यांना ही बाब कोणी सांगत नाही आणि दुवा का चालत नाही हे त्यांना दिवसभर कळत नाही.

येथपर्यंतच्या कामाला, म्हणजे निवड, संमती, शुद्ध युनिकोड मजकूर आणि नोंदवही यांना, मी पहिले पाच आठवडे देतो. संगणकावर अजून एकही पान दिसत नसल्याने विद्यार्थी अस्वस्थ होतात आणि विभागप्रमुखही विचारणा करतात. तेथे अध्यापकाने ठाम राहावे.

सहाव्या आठवड्यात सर्वांनी एकच सराव करावा. २००३ साली डेव्ह शे या डिझायनरने सीएसएस झेन गार्डन नावाचे संकेतस्थळ सुरू केले. त्यात एचटीएमएल एकच ठेवलेले होते आणि जगभरच्या डिझायनरांनी केवळ सीएसएस, म्हणजे पानाचे रूप ठरवणाऱ्या सूचना, बदलून त्याला निरनिराळी रूपे दिली. आपणही एखादा मराठी मजकूर घेऊन त्याचे एकच एचटीएमएल २२ जणांना द्यावे आणि त्याला हात न लावता रूप बदलायला सांगावे. मजकूर आणि त्याचे रूप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कोरलमध्ये वाढलेल्या मुलांना व्याख्यानातून पटत नाही, या सरावातून पटते. शेजारी शेजारी २२ पाने मांडली की चर्चाही आपोआप होते.

सातव्या आठवड्यात कागद आणि पेन्सिल. आधी मोबाइलचे उभे, अरुंद पान काढावे आणि मगच रुंद पडद्याचे. अरुंद जागेत सगळे एकाखाली एक येते, त्यामुळे आधी काय आणि नंतर काय हे ठरवावेच लागते, पळवाट राहत नाही. पडद्यानुसार मांडणी बदलण्याचे तंत्र ईथन मार्कॉट यांनी २०१० मध्ये नावारूपाला आणले आणि त्याची साधने आता सीएसएसमध्ये सहज मिळतात. तंत्र दोन तासांत शिकवता येते, क्रम लावण्याला आठवडा जातो.

आठव्या ते अकराव्या आठवड्यांत बांधणी. येथे छपाईच्या सवयी आड येतात, त्यांतील देवनागरीला भोवणाऱ्या तेवढ्या सांगतो. शीर्षक भरगच्च किंवा ऐसपैस दिसावे म्हणून अक्षरांतील अंतर बदलले की शिरोरेषा तुटते किंवा अक्षरे एकमेकांवर चढतात, म्हणून ती मोकळीक देऊच नये. इंग्रजीला पुरणारे ओळींतील अंतर मराठीला पुरत नाही, वरच्या मात्रा आणि खालचे उकार यांना जागा लागते, तेव्हा अक्षराच्या आकाराच्या १.६ ते १.८ पट अंतर ठेवून पाहावे. दोन्ही बाजू सरळ राखण्याचा मोह अरुंद पडद्यावर टाळावा. आपले लांब सामासिक शब्द तुटत नाहीत आणि ओळींत भगदाडे पडतात. प्रेससाठी विकत घेतलेल्या फॉन्टचा परवाना संकेतस्थळाला आपोआप लागू होत नाही, म्हणून मुक्ता, नोटो किंवा बालू यांसारखे मुक्त परवान्याचे फॉन्ट घ्यावेत. पानाच्या सुरुवातीला भाषा मराठी असल्याची नोंद करावी. तिचा उपयोग पडदावाचकाला, म्हणजे दृष्टिहीनांना पान वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला, होतो, आणि ज्या फॉन्टमध्ये सोय आहे तेथे ल आणि श मराठी वळणाचे दिसतात.

चित्रांबाबत थोडक्यात. ए-फोर आकाराचे ३०० डीपीआयचे (इंचाला ३०० ठिपके) चाररंगी चित्र म्हणजे २४८० बाय ३५०८ पिक्सेल आणि न दाबलेल्या अवस्थेत सुमारे ३५ एमबी होतात. तसेच्या तसे चढवले तर गंजगोलाईच्या बाजारात उभा असलेला ग्राहक पान उघडण्याआधीच निघून जाईल. रंग छपाईच्या चाररंगी पद्धतीतून पडद्याच्या पद्धतीत आणावेत, चित्रे लहान करावीत आणि नंतरच वापरावीत. अक्षर आणि पार्श्वभूमी यांतील उजळपणाचा फरक सर्वसाधारण मजकुराला निदान ४.५ : १ असावा, हा जागतिक सुगम्यता निकष वर्गात सक्तीचा करावा. पिवळ्यावर पांढरे लिहिण्याची आपल्याकडची हौस त्याने आपसूक थांबते. आणि एक नियम अपवादाविना पाळावा : कोरलचे पान जेपीजी करून किंवा पीडीएफ जोडून त्याला संकेतस्थळ म्हणता येणार नाही.

सॉफ्टवेअरसाठी साधा टेक्स्ट एडिटर आणि ब्राउझर पुरेसा आहे. जावास्क्रिप्ट नको, तयार टेम्पलेट तर मुळीच नको, कारण टेम्पलेटमध्ये तीन चौकटी असतात म्हणून विद्यार्थी नसलेला तिसरा मुद्दा शोधत बसतो. वर्डप्रेस शिकवणे चुकीचे नाही, मालकाला स्वतः मजकूर बदलायचा असेल तर तेच सोयीचे, परंतु ते वेगळ्या सत्राचे काम आहे. पाने इंटरनेटवर ठेवायला गिटहब पेजेस ही सेवा विनामूल्य चालते, मात्र तेथील सार्वजनिक प्रकल्प कोणालाही दिसतो, हे संमतीपत्रात लिहिलेले असावे.

बारावा आठवडा खऱ्या वाचकांचा. विद्यार्थ्याने स्वतःच्या नव्हे, साध्या अँड्रॉइड मोबाइलवर पान उघडून ते पत्रक ज्याच्यासाठी आहे त्याच्या हातात द्यावे, ‘हलक्या जमिनीला कोणते वाण चालेल ते यात शोधता का, काका?’ एवढे विचारावे आणि पुढे गप्प राहावे. गप्प राहणे मुलांना फार कठीण जाते, ती लगेच बोट दाखवतात, म्हणून जोडीदाराला नोंदी घ्यायला सोबत पाठवावे. वाचक कोठे थांबला आणि कोठे चुकीच्या ठिकाणी बोट लावले, एवढेच लिहायचे. तेराव्या आठवड्यात त्यानुसार दुरुस्त्या, चौदाव्यात सादरीकरण.

गुणांचे म्हणाल तर मी १०० पैकी ३५ मजकूर आणि नोंदवहीला, १५ रेखाटनांना, ३० बांधणीला आणि २० वाचकांच्या नोंदी व त्यावरून केलेल्या बदलांना देतो. अंतिम रूपाला स्वतंत्र गुण नाहीत, यावर काही सहकारी नाराज होतात, पण देखणेपणात आपली मुले मुळातच मागे नाहीत आणि ते गुण बांधणीत येतातच. विद्यापीठाची गुणपत्रिका वेगळ्या रकान्यांची असेल तर हे प्रमाण त्यांत बसवून घ्यावे लागेल, मात्र पहिला टप्पा पाचव्या आठवड्याअखेर तपासून गुण तेव्हाच जाहीर करावेत.

शेवटचा मुद्दा मालकांचा, जो आपण विचारलेला नाही पण सत्र संपताना समोर येईल. दोन-तीन दुकानदार किंवा संस्था ‘हेच आमचे संकेतस्थळ म्हणून चालू ठेवा’ असे म्हणतील. विद्यार्थी हुरळून होकार देतात, आणि पुढच्या खरिपात वाणांचे दर बदलायला कोणी नसते. महाविद्यालयाच्या नावाने जुने दर लोकांसमोर राहणे चांगले नाही. म्हणून प्रत्येक पानावर ‘विद्यार्थी प्रकल्प’ असा ठळक उल्लेख आणि माहिती कोणत्या तारखेची आहे ते लिहावे, सत्रानंतर किती महिन्यांनी पाने उतरवली जातील हे संमतीपत्रातच ठरवावे, आणि ज्याला ते खरोखर चालवायचे आहे त्याने संबंधित विद्यार्थ्याशी रीतसर मोबदला ठरवून, डोमेन स्वतःच्या नावावर घेऊन, वेगळा करार करावा.